आईच्या शाळेचा जुना उतारा कसा काढायचा? मदत हवी आहे

नमस्कार, मी अंबाजोगाईची, सध्या संभाजीनगरात असते. लहानपणापासून ऐकत आले की मी हट्टी, उलटं बोलणारी, "कुणावर गेली ही पोरगी काय माहीत", आणि आई तर एकदम गप्प बाई, त्यामुळं मला पण वाटायचं माझ्यात तिचं काहीच नाही.

मागच्या महिन्यात केजजवळ मामाकडं गेलो होतो, तिथं मामी सहज बोलून गेली की १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तेरा वर्षांची पोर, अन् मुकादमानं हजेरी कमी लावली म्हणून सगळ्यांसमोर त्याच्याशी भांडली होती. सातवीतली शाळा त्याच वर्षी सुटली. लग्नात नावही बदललं. रात्री आईला विचारलं तर एवढंच म्हणली, "मिलोच्या भाकरी खाऊन शिकायचं कुठलं बाई" (मिलो म्हणजे त्या दुष्काळात मिळायची ती लाल ज्वारी), आणि लै वेळानं स्वतःचं माहेरचं नाव हळूच घेतलं. मला झोपच आली नाही, ज्यावरून मला आयुष्यभर बोलले ते तर तिचंच निघालं.

आता तिच्या जिल्हा परिषद शाळेतला प्रवेश निर्गम उतारा (शाळेत नाव घातल्याची अन् शाळा सोडल्याची रजिस्टरमधली नोंद) काढायचाय, त्यावर ते नाव असेल. कुणबी दाखल्यासाठी बऱ्याच जणांनी असे उतारे काढलेत म्हणून विचारते, अर्ज मुख्याध्यापकांकडं करायचा का पंचायत समितीत? रजिस्टर जीर्ण झालेलं असलं तर काय करतात? लेकीला देतात का आईलाच न्यावं लागेल? तिचे गुडघे दुखतात, आणि आधी सांगायचं पण नाहीये, थेट हातात कागद द्यायचाय.