एकही अजिंक्यपद नाही, तरी रॉबर्ट फ्लॉवर श्रेष्ठ कसे?

आर्वीकर (प्रश्न):
नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सध्या सोयाबीनची सोंगणी सुरू असल्यामुळे मैदानावर मुले फारशी येत नाहीत, म्हणून सायंकाळी ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलविषयी वाचत असतो. त्यात मेलबर्न क्लबचे विंगर रॉबर्ट फ्लॉवर यांचे नाव वारंवार येते. १९७३ ते १९८७ या काळात २७२ सामने, ३१५ गोल, १९८१ पासून कर्णधारपद आणि १९९६ मध्ये हॉल ऑफ फेम (श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानयादीत स्थान), अशी त्यांची नोंद आहे. परंतु याच काळात त्यांचा संघ १९७४, १९७८ आणि १९८१ मध्ये गुणतक्त्यात तळाला होता आणि बाद फेरीत ते केवळ शेवटच्या हंगामात खेळले. मग त्यांची गणना श्रेष्ठांमध्ये कशी होते? आणि अठरा जणांच्या संघात विंगर नेमके करतो तरी काय?

मैदानवाला, दारव्हा:
सर, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. या खेळात ऑफसाइड नाही. त्यामुळे आपल्या नेहमीच्या फुटबॉलमधल्या विंगरप्रमाणे बचावफळीच्या कडेला थांबून पासची वाट पाहणे इथे पुरत नाही. मध्यभागाच्या दोन्ही अंगांना, सीमारेषेजवळ एकेक विंगर असतो. बचावातून सुटलेला चेंडू घ्यायचा, तो आक्रमणापर्यंत न्यायचा आणि चेंडू हातून गेला की तेवढेच अंतर उलटे धावून पुन्हा बचावाला जायचे, असे त्याचे काम चारही सत्रे चालते. चेंडू घेऊन धावताना साधारण दर पंधरा मीटरला तो जमिनीवर टप्पा देऊन किंवा टेकवून पुन्हा उचलावा लागतो. फेकून देता येत नाही. लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा.

आता संघ सतत हरत असेल, तर चेंडू बहुतेक वेळ आपल्याच गोलाजवळ अडकलेला असतो आणि विंगरकडे तो येतो तेव्हा सोबत दोन-तीन प्रतिस्पर्धीही येतात. फ्लॉवर अंगाने अगदी सडपातळ होते. धक्काबुक्कीत ते कोणालाही भारी पडले नसते. म्हणून त्यांनी तोल, अचानक दिशा बदलणे आणि उंच उडी मारून चेंडू अचूक झेलणे यांवर आपला खेळ उभारला. कबड्डीतला किरकोळ अंगाचा चढाईपटू पकड बसण्याआधीच निसटतो, तसेच काहीसे. अशा संघातून, तेही प्रामुख्याने विंगवरून, ३१५ गोल करणे ही माझ्या मते एखाद्या पदकाहून मोठी गोष्ट आहे.

वणीचा वाचक:
वरील उत्तराचा आदर राखून एक हरकत नोंदवतो. त्याच काळात नॉर्थ मेलबर्नकडून विंगवरच खेळणाऱ्या कीथ ग्रेग यांनी १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षे ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवले. ते पदक पंचांच्या मतांवर ठरते, क्लबच्या लोकप्रियतेवर नव्हे. या खेळाच्या मुख्य लीगने १९९६ मध्ये शतकातील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ निवडला तेव्हाही विंगवर ग्रेग होते, फ्लॉवर नव्हते. फ्लॉवर यांच्याविषयीच्या जिव्हाळ्यात सहानुभूतीचा वाटा बराच असावा, असे मला वाटते.

मैदानवाला, दारव्हा:
ग्रेग यांचे स्थान मान्य आहे. मात्र ज्या संघाने १९७५ मध्ये अजिंक्यपद जिंकले त्या संघात चेंडू मिळणे आणि त्या वेळच्या मेलबर्नमध्ये मिळणे, यांत मोठे अंतर आहे, हे तुलनेत धरावे लागेल.

पांढरकवडा येथून एक क्रीडाप्रेमी:
सहानुभूतीचे मूळ १९८७ मध्ये आहे. १९६४ च्या अजिंक्यपदानंतर मेलबर्न एकदाही बाद फेरीत पोहोचले नव्हते. १९८७ च्या साखळीच्या अखेरच्या दिवशी त्यांनी फूटस्क्रेला हरवले. शिवाय हॉथॉर्नने जीलाँगवर निसटता विजय मिळवला, म्हणूनच त्यांना प्रवेश मिळाला. फ्लॉवर यांचा तो शेवटचा हंगाम होता. पुढे नॉर्थ मेलबर्न आणि सिडनी यांना मोठ्या फरकाने हरवून संघ अंतिम सामन्यापासून एक पाऊल दूर राहिला. वेव्हर्ली पार्कवर समोर होते तेच हॉथॉर्न. सामना संपत आला तेव्हा मेलबर्न चार गुणांनी पुढे होते आणि हॉथॉर्नच्या गॅरी बकेनारा यांना दूरवरून किक मिळाली होती. तेवढ्यात आयर्लंडहून आलेले नवखे जिम स्टाइन्स नियमाविरुद्ध त्यांच्या समोरून धावत गेले. पंचांनी दंड म्हणून किकची जागा पंधरा मीटर पुढे नेली आणि अंतिम भोंग्यानंतर बकेनारांनी गोल केला. गोलाचे सहा गुण असल्याने निकाल ८०-७८ लागला. तोच फ्लॉवर यांचा अखेरचा सामना ठरला. पुढच्याच वर्षी मेलबर्न अंतिम सामन्यात पोहोचले, आणि तिथेही हॉथॉर्नकडूनच ९६ गुणांनी हरले!

आर्वीकर:
सर्वांचे आभार. एक शंका उरते. सामन्यांच्या चित्रफितींमध्ये हा दंड पन्नास मीटरचा दिसतो, मग १९८७ मध्ये पंधराच कसा?

पांढरकवडा येथून एक क्रीडाप्रेमी:
त्या हंगामापर्यंत दंड पंधरा मीटरचाच होता. तो १९८८ पासून पन्नास मीटरचा झाला. आणि स्टाइन्स यांना खलनायक समजू नये. १९९१ मध्ये त्यांनीच ब्राउनलो पदक जिंकले, लागोपाठ २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला आणि पुढे ते मेलबर्न क्लबचे अध्यक्षही झाले.