मदत हवी आहे: आरएक्स-७ (१२ए रोटरी), लीडिंग जागेवर आहे पण ट्रेलिंग जुळत नाही

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. काका बोटीवर होते तेव्हा त्यांनी आणलेली पहिल्या पिढीची माझदा आरएक्स-७ आता माझ्याकडे आहे. १२ए इंजिन, ५७३ सीसीचे दोन रोटर (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी भाग), कार्ब्युरेटर, इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकी धुतली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला, प्लग आणि वायरी नव्या घातल्या. आता एका सेल्फला उठते, आयडलला छान बसते. घोडं अडलंय ते ट्रेलिंगच्या टायमिंगवर, म्हणजे त्या प्लगची ठिणगी नेमकी कधी उडते यावर.

रोटरी न हाताळलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. पेटण्याची जागा लांबट आणि सरकती, एका ठिणगीने सगळं मिश्रण नीट जळत नाही, म्हणून लीडिंगच्या मागून ट्रेलिंग उडतो. माझ्या मॅन्युअलप्रमाणे ७५० आरपीएमला लीडिंग ० अंशावर (म्हणजे टीडीसी, मिश्रण सगळ्यात जास्त दाबलं जातं ती स्थिती) आणि ट्रेलिंग टीडीसीनंतर २० अंशांवर हवा. पुलीवर पिवळी खाच लीडिंगची, लाल ट्रेलिंगची.

दोन्ही व्हॅक्यूम नळ्या काढून त्यांची तोंडं बंद केली, इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं आणि टायमिंग लाइटचा (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) क्लॅम्प एल१ च्या (पुढच्या रोटरचा लीडिंग) वायरवर लावला. पिवळी खाच इंजिनावरच्या काट्यासमोर अगदी स्थिर. क्लॅम्प टी१ वर (त्याच रोटरचा ट्रेलिंग) नेला की काटा पिवळ्या आणि लाल खाचेच्या साधारण मध्यावर दिसतो. म्हणजे ट्रेलिंग अंदाजे १० अंश लवकर उडतोय. शिवाय एका जागी ठरत नाही, मागेपुढे नाचतो.

लाइटचा डायल (चमक काही अंश मागे सरकवणारा) शून्यावरच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक प्लग क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उडतो, इथे एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटरीतला क्रँक) दर फेरीला. त्यामुळे डिजिटल लाइट आरपीएम दुप्पट दाखवतो आणि डायलवर २० अंश लावले तर प्रत्यक्षात १० च भरतात. पहिलं उत्तर 'डायल तपासा' असं येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लीडिंग-ट्रेलिंगचे कॉइल आपापसात बदलून पाहिले, इग्नायटरही (कॉइल चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) बदलले. दोष ट्रेलिंगकडेच राहिला. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट दोघांना एकच, तेव्हा बुश झिजला असता तर पिवळी खाचही नाचली असती. माझा संशय ट्रेलिंगचा पिकअप (ठिणगीचा इशारा देणारा सेन्सर) ज्या प्लेटवर बसतो ती ढिली झाली असावी यावर आहे. हा संशय बरोबर वाटतो का?

डिस्ट्रिब्युटर फिरवला तर दोन्ही एकत्र सरकतात, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. एकटा ट्रेलिंग हलवायचा तर त्याच्या व्हॅक्यूम युनिटचे स्क्रू सैल करून युनिट आत-बाहेर सरकवायचं, असं मॅन्युअल सांगतं. पण आमच्या खाऱ्या, दमट हवेत ते स्क्रू पार धरलेत. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी डोकं घसरायला लागलं तसा हात थांबवला. अॅल्युमिनियमची बॉडी आहे, फार ताप द्यायची भीती वाटते. इम्पॅक्ट ड्रायव्हर मारू, की डिस्ट्रिब्युटर उतरवून टेबलावरच काम करू?

इथले मेस्त्री चांगले आहेत, पण टायमिंग कानावर लावतात. फियाटला, बुलेटला ते चालून जातं, थोडं नॉकिंग ऐकू आलं की मागे घ्यायचं. रोटरीत तेवढ्या नॉकिंगनेही एपेक्स सीलचा (रोटरच्या टोकावरची पट्टी) टवका उडू शकतो, आणि मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. एक तुटला तर दुसरा सील गोव्यात कुठे शोधायचा? म्हणून अंदाजपंचे काहीही करायचं नाही असं ठरवलंय.

अनमोड घाट चढताना गाडी मंद वाटते आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. ट्रेलिंगचे कनेक्शन काढून आयडल पाहिलं, जवळजवळ काहीच फरक नाही. आयडलला फरक पडत नसतोच हे वाचलंय, पण ट्रेलिंग असा लवकर उडत असताना चढावर चालवणं धोक्याचं आहे का, हे अनुभवी माणसाकडून ऐकायचंय. तोवर गाडी गावातल्या गावातच, हळू चालवतोय.

गोवा, बेळगाव किंवा कोल्हापूरकडे कुणी हा डिस्ट्रिब्युटर स्वतः खोलला असेल तर कृपया सांगा. मी गाडी घेऊन यायला तयार आहे. टी१ वर लाइट मारतानाचा व्हिडिओ काढून ठेवलाय, लागला तर टाकतो.