मदत हवी आहे: सासूबाईंच्या गोड गोळ्यांचं काय करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे. चहात त्या साखरेऐवजी डबीतल्या गोड गोळ्या टाकतात, कपाला दोन. त्याचं काही वाटत नव्हतं. पण हल्ली तसलीच पावडर शिऱ्यात, खिरीतही पडायला लागलीय आणि "यात साखर नाही गं" म्हणत वाटी पुन्हा भरली जाते. (रव्याचं काय, हे त्यांना कोण सांगणार!)

त्यात नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर "याने कॅन्सर होतो" असं पाठवलं. मी थोडं वाचलं. जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) कर्करोग संस्थेने अशा गोळ्यांत असणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमला "कर्करोगकारक असू शकेल" अशा गटात टाकलं खरं, पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅमच ठेवली. साठ किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम झाले, चहातल्या गोळ्या तिथवर कुठल्या पोचतायत! वजन कमी करायला असले पदार्थ वापरू नका, ही डब्ल्यूएचओची मे २०२३ ची सूचनाही आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती.

आमच्या पावडरीच्या डब्यावर मात्र सुक्रालोज (साखरेऐवजीचा दुसरा गोड पदार्थ) लिहिलंय. ते शिऱ्यात गरम केलेलं चालतं का? तुमच्या घरी कोणी स्टीव्हियावर (गोड पानांच्या झाडापासूनचा पर्याय) गेलंय का, चव जमली का? आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे मराठीत नीट समजावून सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ असतील तर कृपया सुचवा. माझं त्या ऐकणार नाहीत, बाहेरच्यांचं ऐकतील.