विषय: सातबाऱ्यावर ताईचं नाव नाही

मंडळी, गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत हे घुसडतोय, माफ करा.

काल रात्री दारव्ह्याकडच्या आमच्या वावराचा सातबारा सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर उघडला. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. दादाचं आणि माझं नाव चढलंय, ताईचं नाही. फेरफार, म्हणजे वारसांची नावं चढवल्याची नोंद, मंजूरही झालाय. दादाला फोन केला तर म्हणाला, "पटवाऱ्यानं विचारलं, मी सांगितलं. तिचं लगन होऊन गेलं न बाप्पा!" गावापासून दूर इथे बसून रोज उतारा बघता येतो याचं मला भारी कौतुक होतं.

— वऱ्हाडी पोट्टा

---

विषय: उत्तर: सातबाऱ्यावर ताईचं नाव नाही

अरे, बघता येणं वेगळं. नोंद पटवारी धरतो, मंजूर करतो मंडळ अधिकारी. मी महसुलात जन्म काढला. आमच्या काळी पटवाऱ्याचा कागदांचा बस्ता सायकलला बांधलेला असायचा, कोणाला काय दाखवायचं ते तोच ठरवायचा. आता लॉगिन आहे, एवढाच फरक.

मुलगी 1956 पासून बापाची पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्नाचा काही संबंध नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 ची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांनाही द्यावी लागते. 'आपली चावडी' या वेबसाइटवर गाव निवडलं की घरबसल्या दिसते, पण मुदत 15 दिवसांची, आणि तिथे रोज डोकावतं कोण? आता तहसीलमधून फेरफाराची नक्कल काढ, वारसाच्या अर्जासोबतच्या शपथपत्रासकट. मग एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील. मुदत 60 दिवसांची, उलटली असेल तर उशीर माफीचा अर्ज जोड. सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, पण उलट सिद्ध होईतो नोंद खरी धरतात, म्हणून स्वस्थ बसू नको.

आणि आईचं नाव?

— काका

---

विषय: उत्तर: उत्तर: सातबाऱ्यावर ताईचं नाव नाही

काका, नाव चढलं तरी संपत नाही हो. आर्वीकडच्या आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. पण 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात कोणतं पीक आहे याची नोंद, मोबाइलवर, फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. म्हणजे धुऱ्यावर जो उभा, त्याचीच कपाशी नि त्याचीच तूर. शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेले तर ओटीपी आधारच्या जुन्या नंबरवर. ते सिम इकडे येताना भावाकडे ठेवून आले होते. तो म्हणे, "आला तर सांगतो." अजून येतोच आहे.

— वर्ध्याची लेक

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सातबाऱ्यावर ताईचं नाव नाही

मावसभावानं नक्कल काढून पाठवली. शपथपत्रात एकच ओळ आहे: "मयतास दोन मुलगे, अन्य वारस नाहीत." खाली दादाची सही.

काका, आईचंही नाव नाही. ती त्याच घरात राहते, दादाला रोज भाकर वाढते. आणि तुम्ही विचारेपर्यंत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

— वऱ्हाडी पोट्टा