स्टार्टर फिरतो, पण डिझेल ट्रक चालू होत नाही

प्रश्न: कॉमन रेल इंजिन आहे (एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं). डिझेल फिल्टर बदलल्यापासून स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. सायलेन्सरमधून धूरही नाही. टाकी अर्धी भरलेली. पंप गेला असेल का?

उत्तर १: पंपाला इतक्यात दोष देऊ नका. धूर नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही, आणि फिल्टर बदलल्यावर पहिला संशय हवेचाच. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून डिझेलचा हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. जुनं रबर सील फिल्टर हेडलाच चिकटून राहिलंय का, तेही बघा. दोन सील एकावर एक बसले की हमखास हवा ओढली जाते.

उत्तर २: हाय प्रेशर पाइपचे नट सैल करून हवा काढायची जुनी सवय इथे नको, ती धार कातडीत घुसते. स्टार्टर मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर (रेलमधला डिझेलचा दाब) बघा. साधारण २०० बारच्या खाली असेल, तर बहुतेक इंजिनांत ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही.

प्रश्नकर्ता: हातपंप कडकच होत नाही. बाहेर गळती कुठेच नाही.

उत्तर १: ओढणाऱ्या बाजूला (टाकीपासून पंपापर्यंत) गळती दिसत नाही, हवा आत जाते. टाकीची नळी काढून कॅनमधून थेट डिझेल द्या. हातपंप कडक झाला तर दोष टाकीकडे: नळीची चीर, सैल क्लॅम्प किंवा पिकअप पाइप (टाकीच्या आतली, डिझेल ओढणारी नळी). तरीही नाही झाला, तर फिल्टर सील किंवा हातपंपाचा व्हॉल्व्ह.