डायपर चालतो, मग स्कर्टने काय घोडं मारलंय?

निळीशाई (धागाकर्ता)

लोक हो, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. मी डायपर आवडीने घालतो, आजार वगैरे काही नाही, घातला की डोकं शांत होतं आणि झोप छान लागते. बाळ होऊन राहणं हा प्रकार माझ्यात नाही, ज्यांच्यात आहे त्यांच्याबद्दल काही म्हणणंही नाही. तर मागे इथे ग्रुपवर कोणीतरी विचारलं की घरात डायपरवर काय घालता, मी आपलं सरळ सांगितलं की ढगळ सुती स्कर्ट, कधी लेस लावलेला गाऊन, आणि प्रिंटमध्ये चॉईस असेल तर फिकट जांभळा, फुलाफुलांचा. झालं! जी माणसं कुठला डायपर रात्रभर टिकतो, कुठल्याचा टेप दुसऱ्यांदा चिकटतो यावर पानंच्या पानं लिहितात तीच म्हणायला लागली की हे जरा जास्त होतंय. एकाने लिहिलं डायपर म्हणजे कम्फर्ट, स्कर्ट म्हणजे भलतीच भानगड. दुसऱ्याने मला डायरेक्ट विचारलं की तू नक्की पुरुषच ना.

आता मला हे कळत नाहीये की जगाच्या दृष्टीने जे सगळ्यात विचित्र ते आपण ऑलरेडी करतोय, मग कपड्यापाशी येऊन एवढं का अडतं? मी बाई दिसावं म्हणून घालत नाही, कोणाला दाखवायला घालत नाही, मऊ असतं, मोकळं असतं, आणि हो, सुंदर असतं म्हणून घालतो. ज्यांना खटकतं त्यांनी नेमकं काय खटकतं ते सांगा आणि जे घालतात त्यांनी का घालतात ते सांगा. चेष्टा करायची असेल तर प्लीज पुढे जा.

---

आडवाट

मी घालतो, आणि माझं कारण अगदीच नीरस आहे. पँट ही वस्तू डायपर धरून शिवलेलीच नसते. कमरेला मापाची घेतली तर मांड्यांपाशी आणि मागे दाबते, एक साईझ मोठी घेतली तर कंबर घसरते आणि वाकलं की मागून डायपरचा पट्टा बाहेर. त्यात घट्ट कपड्याने डायपर दाबला जातो ते वेगळंच, आतला जेल फुगायला जागा लागते, जागा नसली की ओलावा कडेकडेने मांडीवर येतो आणि मग आपण डायपरला शिव्या घालतो. स्कर्टमध्ये यातलं काहीच नाही. फुगवटा दिसत नाही, हवा लागते, बदलायचा झाला की पँट गुडघ्याखाली ओढत बसायला नको.

बाहेर जाताना मात्र मी बायकांच्या हाय वेस्ट लेगिंग्ज वापरतो, आत, वरून साधी ढगळ पँट. पुरुषांच्या कपड्यात कंबर एवढी वर येतच नाही, हिची बेंबीच्या वर येते त्यामुळे डायपर अख्खा झाकला जातो आणि चालताना जो खुसखुस आवाज येतो तोही दबतो. फक्त मांडीला आवळणारी घेऊ नका, वर लिहिलंय तेच होतं.

लेस बिस माझ्या डोक्यात कधी आली नाही पण कोणी घातली तर माझं काय जातंय?

---

सडेतोड

मी खटकणाऱ्यांपैकी आहे, आणि लपून बोलण्यापेक्षा समोर बोललेलं बरं.

हे बघ निळीशाई, तुझ्या घरात तू काय घालतोस हा माझा प्रश्नच नाही. माझा प्रश्न असा आहे की मी माझ्या बायकोला डायपरबद्दल सांगायला कित्येक वर्षं घेतली. शेवटी सांगितलं तेव्हा तिने बिचारीने नेटवर शोधलं, आणि तिला काय दिसलं तर फ्रिलवाले गुलाबी कपडे घातलेले, मुद्दाम अपमान करून घेणारे पुरुष. तिचा पहिला प्रश्न, तुलाही असंच हवंय का? मी सांगत बसलो की नाही गं बाई, मला फक्त डायपर. तिला ते पटायला फार वेळ गेला. त्यामुळे स्कर्टचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो, हे योग्य की अयोग्य ते तुम्ही ठरवा. बाहेरचा माणूस आपल्यात फरक करत नाही, एकाला रंगवलं की सगळ्यांना तोच रंग लागतो.

आणि एक. मी डायपर घालून पुरुषच असतो, ते मला स्वतःला महत्त्वाचं वाटतं. हसायचं तर हसा.

---

काचेचीबरणी

इथे बायका अगदी बोटावर मोजण्याइतक्या म्हणून बोलते. (हे फक्त इथलं नाही, २०१४ मध्ये अशा लोकांचा एक मोठा ऑनलाईन सर्व्हे छापून आला होता, साधारण १९०० जण होते आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पुरुष.)

सडेतोड, तुमच्या बायकोला जे दिसलं ते मलाही दिसतं आणि मलाही त्रास होतो, पण कारण तुमच्या नेमकं उलटं. मला पुरुषाने फ्रॉक घातल्याचा त्रास होत नाही. मला त्रास होतो तो फ्रॉक ही शिक्षा आहे या कल्पनेचा. म्हणजे ‘मी इतका खालच्या दर्जाचा झालो की मला बाईचे कपडे घालावे लागले’, असं असतं ना ते? अरे मग आम्ही रोज काय शिक्षा भोगतोय का? दोन मोठी माणसं आपापसात ठरवून काय खेळतात ते त्यांचं त्यांनी बघावं, मी कोणाच्या दारात काठी घेऊन उभी नाही, पण त्या खेळाला मजा येते ती कुठल्या समजुतीवर ते जरा बघा की.

आणि गंमत म्हणजे जो शिक्षा म्हणून घालतो आणि जो ‘शी, बायकी’ म्हणून घालत नाही, दोघांची समजूत एकच आहे! या सगळ्यात फक्त निळीशाई असा निघाला जो म्हणतोय कपडा सुंदर आहे म्हणून घातला. मला तर त्याचंच सगळ्यात सरळ वाटलं.

तरी एक सांगते, जांभळी फुलं म्हणजे बायकी हे कोणी ठरवलं, मला स्वतःला काळे प्लेन आवडतात आणि ते नेमके पुरुषांच्या पाकिटात येतात.

---

सेवानिवृत्त

मंडळी, मी तुमच्यातला नाही म्हटलं तरी चालेल, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर डायपर नशिबी आला आणि माहिती शोधत इथे पोचलो. डॉक्टर म्हणाले होते बहुतेकांचं वर्षभरात बऱ्यापैकी आटोक्यात येतं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करा. करतोय. सुधारणा आहे पण रात्रीचा भरवसा नाही.

मला सांगायचंय ते हे की आमच्या पिढीच्या पुरुषाला डायपर हाच मुळात बायकी वाटतो, स्कर्ट फार पुढची गोष्ट. पॅड ही बायकांची वस्तू हे डोक्यात पक्कं. लघवी गळण्याचा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो हे खरं आहे, त्यामुळे कंपन्यांनीही आधी त्यांच्याकडेच बघितलं असणार. अमेरिकेत १९८० च्या दशकात डिपेंड हा मोठ्यांच्या डायपरचा ब्रँड आला तेव्हा जाहिरातीत जून ॲलिसन ही जुनी नटी होती. आता पुरुषांसाठी वेगळा माल निघतो तर तो करडा नाहीतर काळा, आणि नावं काय, गार्ड, शील्ड! लघवी गळतीये बाबांनो, लढाईवर नाही निघालो.

एकदा माझा नेहमीचा माल नव्हता म्हणून बायकोने तिच्या बहिणीसाठी आणलेले पुल-अप, म्हणजे चड्डीसारखे ओढून घालायचे डायपर, दिले, पीच रंगाचे. पुरुषांच्या पॅडमध्ये शोषणारा भाग पुढे जास्त असतो, बायकांच्यात मध्ये, त्यामुळे दिवसा उभं असताना माझं पुढून थोडं ओलं झालं, रात्री पाठीवर झोपल्यावर मात्र उत्तम चाललं. तेव्हापासून रात्री तेच. रंग अंधारात कोणाला दिसतो?

स्कर्ट नाही घातला अजून, पण आडवाट यांनी बदलायच्या सोयीचं जे लिहिलंय ते वाचून गाऊनचा विचार करतोय. बायको हसेल, हसू दे.

---

निळीशाई

सेवानिवृत्त काका, घाला बिनधास्त, कॉटनचा घ्या आणि लांबी पोटरीपर्यंतच ठेवा, पायात येत नाही.

सडेतोड, तू खरं बोललास ते आवडलं. पण मला एक सांग, तुझ्या बायकोला जे पटायला वेळ गेला ते स्कर्ट घालणाऱ्या माझ्यासारख्यामुळे, की आपल्यातलं कोणीच ‘यात दहा प्रकारचे लोक असतात’ असं नीट सांगत नाही म्हणून? तू मला गप्प बसवलंस तरी ते फोटो नेटवर राहणारच आहेत. उलट माझ्यासारखे साधे स्कर्टवाले गप्प बसले की तेच फोटो तेवढे उरतात.

---

जुनीपानं

थोडं अवांतर. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा हे काही ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेलं नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्याचं एक मासिक होतं, त्यात चक्क उलटा सल्ला छापलाय, गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. त्याच्याही आधी युरोप अमेरिकेत मुलग्यांनाही सर्रास फ्रॉकच घालत, काहींना तर सहा सात वर्षांचे होईपर्यंत. फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४ चा फोटो बघा, अंगात झगा, लांब केस, पुढे तोच राष्ट्राध्यक्ष. झग्यामागे सोय हे मोठं कारण होतं, लंगोट बदलायला सोपं आणि पोर वाढलं तरी कपडा पुरतो. म्हणजे आडवाट जे सांगतायत ते शंभर दीडशे वर्षांपूर्वीच्या आयांना पाठ होतं. उंच टाचा, रेशीम, लेस, हे तर मोठमोठे सरदार घालून मिरवत. चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाचा म्हणजे रुबाब होता.

---

मध्यरात्र

मी जरा वेगळ्या बाजूने येते. ‘येते’ लिहितेय कारण आता मी बाई म्हणून राहते, पण या ग्रुपमध्ये आले तेव्हा पुरुष म्हणून आले होते.

माझ्याबाबतीत डायपरसोबत बायकांचे कपडे घालणं ही पळवाट होती. या वेडात ते खपून जायचं, स्वतःला सांगता यायचं की हा सगळा एकाच छंदाचा भाग आहे, याचा दुसरा काही अर्थ नाही. नंतर लक्षात आलं की डायपर काढून ठेवला तरी कपडे काढायची इच्छा होत नाही. तिथून पुढे मग खूप काही झालं, ते इथे नको.

पण म्हणून निळीशाई, तुझ्याबाबतीत तसंच आहे असं अजिबात म्हणत नाहीये. लोक दोन्ही टोकं गाठतात. एक म्हणतो तू पुरुष ना, दुसरा म्हणतो अरे तू नक्की आतून बाई असणार, कबूल कर. दोघांनाही तू सांगितलेलं ऐकायचं नसतं. स्कर्ट आवडणारा पुरुष हा फक्त स्कर्ट आवडणारा पुरुष असू शकतो. डॉक्टर लोकांची मतंही बदललीयत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यातून आवडीने विरुद्ध लिंगाचे कपडे घालणं हे निदानच काढून टाकलंय. स्वतःला त्रास होत असेल, झोप उडत असेल, घरात रोजची भांडणं होत असतील तर जरूर कोणाशी तरी बोल, पण तुझ्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही, उलट ‘झोप छान लागते’ असंच वाचलं मी.

सडेतोडच्या वाक्याला मी हसणार नाही. त्याला डायपर घालून पुरुष राहायचंय, मला डायपर घालून बाई राहायचंय. आमचं दोघांचं बहुतेक जमेल.

---

सडेतोड

मध्यरात्र, जमेल बहुतेक.

बायकोला हा धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं काचेचीबरणीचं बरोबर आहे आणि माझं अर्धं. कुठलं अर्धं ते सांगितलं नाही. मला अजूनही तो फ्रिलवाला प्रकार नको वाटतो, तो वाटणारच, पण ‘तू पुरुष ना’ असं विचारणाऱ्याच्या बाजूने मी नाही, तो प्रश्न फालतू होता.

---

निळीशाई

चला, एवढं तरी झालं.

आता एक कामाचं विचारतो. गाऊन स्कर्ट घरात ठीक, पण शर्टाच्या आत घालायला खाली बटणं असलेला बॉडीसूट हवाय म्हणजे ओला झाला की डायपर लोंबकळणार नाही. बायकांचे सहज मिळतात पण मी उंच आहे, खालून एवढं ओढलं जातं की खांदे दुखतात. कोणी वापरतं का?

---

आडवाट

वापरतो. बायकांचे बॉडीसूट धडाला आखूड असतात आणि डायपरच्या जाडीने अजून कमी पडतात. नुसती साईझ वाढवू नको, छातीत ढगळ होतं आणि खालचं तसंच राहतं. खाली जोडायची बटणांची पट्टी मिळते, एक्स्टेंडर, ती घे. घ्यायच्या आधी आपल्या बॉडीसूटची बटणं किती आणि दोघांत अंतर किती ते पट्टीने मोज, प्रत्येकाचं वेगळं असतं आणि बटणाचा आकारही जुळावा लागतो. कापड थोडं ताणणारं हवं पण पूर्ण सिंथेटिक नको, घामाने जांघेत लाल होतं. आणि मापाला उभं राहून घालून बघू नकोस, खाली बसून बघ, ओढ बसल्यावर कळते.

---

सेवानिवृत्त

ही पट्टी पुरुषांच्या बनियनला लावता येईल का हो?