संसदेत मारामारी चालू आणि अध्यक्ष टोपी घालतायत, हा काय प्रकार?

कागदवेडा:
मंडळी, पॅरिसला गेलो होतो तेव्हा नदीकाठी हिरव्या पेट्या लावून बसतात ना पुस्तकवाले, त्यांच्याकडून एका जुन्या फ्रेंच साप्ताहिकाचं पान घेतलं, १८९८ चं. चित्रात संसद आहे, काळे कोटवाले दाढीवाले खासदार एकमेकांच्या अंगावर धावतायत, एकजण तर भाषणाच्या चौथऱ्यावरच चढलाय, आणि वर उंच खुर्चीवरचे गृहस्थ शांतपणे उंच टोपी डोक्यावर ठेवतायत. फ्रेम करून लावलंय, येणारा प्रत्येकजण विचारतो आणि मी नुसता हसतो. खरंच झालं होतं का असं की चित्रकाराचा मीठमसाला?

रेवा_कु:
टोपीचं सोपं आहे. एवढ्या आरडाओरड्यात 'तहकूब' कोणाला ऐकू जाणार, म्हणून अध्यक्षाने टोपी घातली की सभा थांबली असं समजायचं.
प्रसंग बहुतेक २२ जानेवारी १८९८ चा. द्रेफस प्रकरण पेटलेलं (द्रेफस म्हणजे हेरगिरीच्या खोट्या आरोपात शिक्षा झालेला ज्यू लष्करी अधिकारी), त्याच्या बाजूने कादंबरीकार झोलाचं ते प्रसिद्ध पत्र १३ तारखेलाच छापून आलेलं. समाजवादी ज्याँ जोरेस बोलत होते, तर बेर्नीस नावाच्या राजेशाहीवाल्या काउंटने तुम्ही द्रेफसवाल्यांच्या टोळीतले म्हणून डिवचलं, जोरेसनी त्याला नीच आणि भेकड म्हटलं, जेरो-रिशार या दुसऱ्या समाजवाद्याने बेर्नीसला हाणलं आणि मग बेर्नीसने चौथऱ्यावर जाऊन जोरेसना मागून मारलं. खुर्चीवर आंरी ब्रिसों.

तिरकीरेघ:
मीठमसाला थोडा असणारच. सभागृहात उजेड कमी, माणसं हलती, तेव्हाच्या कॅमेऱ्याला ते जमणारं नव्हतं. मग कच्चं रेखाटन किंवा नुसती ऐकीव हकिकत घ्यायची आणि चित्र स्टुडिओत बसून पूर्ण करायचं. पुढे छपाईसाठी ते लाकडी ठोकळ्यावर कोरणारा वेगळा. मोठं चित्र असेल तर बॉक्सवुड या कठीण लाकडाचे छोटे तुकडे जोडून ठोकळा करायचे, घाई असेल तर तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे. जुन्या छापांत कधीकधी बारीक पांढऱ्या रेघा दिसतात त्या ह्या सांध्यांच्या.
आणि पेपर कोणाचा ते बघा. 'ल पती जुर्नाल' रोज दहा लाखांच्या आसपास खपायचा, ५ सांतीमला (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग), आणि तो पक्का द्रेफसविरोधी. त्यांच्या रंगीत पुरवणीवर बऱ्याचदा दोन सह्या असतात, चित्रकार आंरी मेयर आणि कोरणारा मेओल.

जुनाबाजार:
टोपीवरून आठवलं, ९ डिसेंबर १८९३ ला वायाँ नावाच्या अराजकवाद्याने प्रेक्षक सज्जातून ह्याच सभागृहात खिळे भरलेला बॉम्ब फेकला, कितीतरी जखमी, तेव्हा अध्यक्ष होते शार्ल द्युप्युई. ते म्हणाले, सभा चालू राहील! म्हणजे बॉम्बला टोपी नाही आणि गुद्द्यांना टोपी 😄 त्याचीही चित्रं साप्ताहिकांत आली होती.

रेवा_कु:
@जुनाबाजार आणि १८८८ चं विसरलात! १२ जुलैला सभागृहात बाचाबाची, १३ ला द्वंद्व. पंतप्रधान फ्लोके म्हणजे साठीला आलेले वकील, समोर जनरल बुलांजे, आणि तलवार लागली जनरलच्या मानेला. चित्रवाल्यांची दिवाळीच.

कागदवेडा:
भारी! आत्ता फ्रेम उतरवून भिंगाने बघितलं. कोपऱ्यात सह्या दोन आहेत पण एक फ्रेमवाल्याने अर्धी कापलीय 😡 पांढरी रेघ मात्र सापडली, बरोब्बर टोपीच्या खालून गेलीय.